मधल्या दोन खोल्या

पिंगळे गेल्याचं मला आमच्या कॉम्प्लेक्सच्या वॉचमननं सांगितलं. मे महिन्यातली दुपार होती. मी वह्यांचे गठ्ठे सोडत होतो आणि तो दारात उभा राहून म्हणाला, "ते खिडकीवाले बाबा वारले." इमारत होण्याआधी पंधरा वर्षं ज्याचं दुकान माझ्या पुस्तकांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून होतं, त्याचं नावसुद्धा या इमारतीतल्या नव्या माणसांना ठाऊक नव्हतं. तरीही आठवडाभरात तळघरातल्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बिल्डरशेठ पांढऱ्या सफारीत आले आणि पिंगळे हे आपल्या प्रकल्पाचे पहिल्यापासूनचे हितचिंतक होते, असं न अडखळता बोलून गेले. मग मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, स्वभावानं फार मनमिळाऊ माणूस... आणि खाली बसलो. टाळ्या वाजवायच्या नसतात हे काहींच्या उशिरा लक्षात आलं.

माधव पिंगळे मनमिळाऊ अजिबात नव्हता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो नकाशे गिरवणारा ट्रेसर होता. तिथल्या साहेबाशी भांडून नोकरी सोडली आणि इंजिनिअरिंग कॉलेजसमोरच्या आमच्या पत्र्याच्या दहा गाळ्यांत त्यानं नकाशांच्या अमोनिया प्रिंट काढायचं दुकान टाकलं. त्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. विद्यार्थी ड्रॉईंग घेऊन आले की तो आधी शीट उजेडात धरायचा. रेघ वाकडी दिसली तर प्रिंट न काढताच परत द्यायचा. "घरी जा, सरळ काढ, मग ये." गिऱ्हाईक हाकलून देणारा असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. गाळे मात्र खरोखर वाईट होते. पावसाळ्यात गळायचे, संडास एकच, तोही मेसवाल्यानं अर्धा अडवलेला. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जागामालकाच्या मुलांनी बिल्डर आणला, खाली पक्की दुकानं आणि वर चार मजले विद्यार्थ्यांसाठी खोल्या असा बेत सांगितला, तेव्हा आम्ही सगळे हरखलो. पिंगळेही हरखला होता, हे आज कुणी सांगत नाही.

घोळ असा झाला, की त्या इमारतीचे नकाशे प्रिंट काढायला जवळचं दुकान म्हणून पिंगळेकडेच आले. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये दुकानदारांची बैठक होती. शेठनी समोसे मागवले होते. पिंगळेनं टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या, नकाशा पसरला आणि त्यावर फूटपट्टी ठेवली. प्रत्येक मजल्यावर मधल्या पट्ट्यात चार खोल्या होत्या. त्यांना बाहेरची भिंतच नव्हती. कागदावर दाखवलेली खिडकी पाइपांसाठी ठेवलेल्या अडीच फुटांच्या डक्टमध्ये उघडत होती, आणि त्या डक्टवर गच्चीचा स्लॅब. शेठ हसले. म्हणाले, पोरं दिवसभर कॉलेजात असतात, इथं फक्त झोपायला येणार.

"झोपेत माणूस श्वास घेतो," पिंगळे म्हणाला.

समोसे गार होतील याची आम्हाला जास्त काळजी होती. नऊ जणांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. माझी तिसरी. मला खालचं कोपऱ्यातलं दुकान आणि वर एक खोली सवलतीत मिळणार होती. पिंगळेनं सही केली नाही आणि कोर्टातही गेला नाही. एका सकाळी टेम्पो बोलावून मशीन पंचवटीत घरी नेलं, किल्ली मालकाच्या मुलाच्या हातात दिली. नव्या इमारतीत गाळा मागितला नाही. आम्ही त्याला मूर्ख म्हणालो... मोठ्यानं, चहा पीत.

पुढे कॉम्प्युटरवर नकाशे निघायला लागले आणि त्याचं मशीन घरी गंजत पडलं. पण दर जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, तो स्कूटरवरून यायचा आणि गेटपाशी उभा राहायचा. पोराची वळकटी घेऊन गावाकडून आलेल्या बापाला गाठून सांगायचा, खोली घेण्याआधी खिडकी उघडून हात बाहेर काढा. लोकांना तो एजंट वाटायचा. वॉचमन हटकायचा. त्याला हटकायला सांगणाऱ्यांत मी होतो.

एका वर्षी सायखेड्याचे एक शेतकरी मुलाला घेऊन माझी खोली बघायला आले. मी ट्यूबलाइट लावून पंखा फिरवला, कॉट दाखवली. "झ्याक हाय," ते म्हणाले. तेवढ्यात पिंगळे मागून आत आला. त्यानं दार लावलं आणि दिव्याचं बटण बंद केलं. सकाळचे अकरा वाजले होते. खोलीत काही म्हणता काही दिसेना.

"भालेराव," अंधारातून त्याचा आवाज आला, "आता यांना यांच्या मुलाचं तोंड दाखव."

कुणीतरी चाचपडत दार उघडलं. शेतकऱ्यानं मुलाची पेटी उचलली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला. मी पिंगळेला नको ते बोललो. तो ऐकून घेऊन निघून गेला. त्यानंतर चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग तो गेलाच.

चौदाव्यानंतर मी पंचवटीला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि कपाटावरून एक गुंडाळी काढली. "भाऊजी, हे कुणाचं काम राहिलंय का? तुम्हाला कळेल." मी उघडून पाहिलं. आमच्याच प्लॉटचा नकाशा होता, पिंगळेच्या हातचा. रेघ न् रेघ सरळ. मधल्या पट्ट्यातल्या दोन खोल्या त्यानं काढून टाकल्या होत्या आणि तिथं वरपर्यंत उघडा चौक ठेवला होता. तेवढ्यानं उरलेल्या प्रत्येक खोलीला खिडकी मिळत होती. मजल्यामागे फक्त दोन खोल्या कमी. वहिनी म्हणाल्या, हा घेऊन ते शेठच्या ऑफिसात दोनदा जाऊन आले होते. त्यांना बाहेर बाकावर बसवून ठेवलं आणि मग शेठ निघून गेले म्हणून सांगितलं. मी दुसऱ्या मजल्यावर बोट ठेवून बघत राहिलो. काढलेल्या दोन खोल्यांतली एक माझी होती.

कुणाचं काम राहिलेलं नाही, असं मी वहिनींना सांगितलं. गुंडाळी त्यांनी परत वर ठेवली.

यंदा जूनमध्ये गेटपाशी कुणी नव्हतं. माझी खोली पहिल्याच दिवशी गेली. पेठकडचे एक मास्तर मुलाला घेऊन आले होते. सज्जन माणूस, मान डोलावत सगळं बघून घेतलं. ते जिना चढायच्या आधीच मी वर जाऊन दिवा लावून ठेवला होता.