कान चांगला, तरी ठणका

लसणाचं तेल कापसाने पुसून काढलं तेव्हा कुठे मला कानाचा पडदा दिसला. पडदा एकदम चांगला होता. लाली नाही, पाणी नाही, भोक नाही. समोर बसलेल्या कौसाबाई मात्र डाव्या कानावर तळहात दाबून म्हणत होत्या, "बाई, आतून ठणका मारायलाय. रातच्याला उशीला टेकू देत न्हाई."

मी लातूरला कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. माझ्या ओपीडीत कानदुखीचे बरेचसे पेशंट आधी कानात काहीतरी ओतूनच येतात. कुणी लसूण घालून कढवलेलं तेल, कुणी कसल्या तरी पानाचा रस. मी चिडते, ते माना डोलावतात आणि पुढच्या वेळी पुन्हा ओतून येतात. तेलाने आजार बरा होत नाही, मला आतलं दिसायचं तेवढं बंद होतं. त्यात पडद्याला भोक असलं तर ते तेल थेट आत उतरतं आणि नवीनच लचांड मागे लागतं.

कौसाबाई रेणापूरजवळच्या खेड्यातल्या. साठीच्या पुढच्या, शेतात राबलेल्या आणि बोलायला फटकळ. सोबत त्यांचा मुलगा भास्कर होता, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सगळे त्यांना सरच म्हणत असावेत, मीही म्हणायला लागले. आधी कानात थेंब टाकून झाले होते, मग अँटिबायोटिक, मग दुसरे थेंब. ठणका जागचा हलला नव्हता.

मी कानाची पाळी ओढून पाहिली. कानाच्या भोकासमोर छोटा कडक उंचवटा असतो, तो दाबला.

"दुखतंय का मावशी?"

"न्हाई."

"ऐकायला कमी येतं का?"

"शेजारच्या घरात माझ्याबद्दल बोललेलं बी ऐकू येतंय."

सर हसले. मलाही हसू आलं, पण मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली होती. पाळी ओढल्यावर दुखलं, तर बहुतेक वेळा आजार कानाच्या नळीत असतो. सर्दीनंतर कानाला दडे बसले आणि ऐकू कमी यायला लागलं, तर आजार पडद्याच्या मागे. इथे दोन्ही नव्हतं. कान चांगला असून दुखत असेल, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधावं लागतं. कान, दाढा, जीभ आणि घसा यांच्या नसा एकमेकींत गुंतलेल्या असतात. गल्लीतल्या विजेच्या एकाच डीपीवरून दोन घरांना लाईट दिलेली असते ना, तसं. बिघाड एका घरात होतो आणि दिवा दुसऱ्याच घरात मिणमिणतो. आमच्या भाषेत याला रेफर्ड पेन म्हणतात.

"तंबाखू खाता का?" मी विचारलं.

मायलेक एकदमच "नाही" म्हणाले. सरांनी तर छाती थोडी पुढे काढली. "मॅडम, आमच्या घरात तंबाखूला थाराच नाही. शाळेत पोरांकडून तंबाखूमुक्तीची शपथ मीच वदवून घेतो."

"छान. मावशी, आ करा."

"कान दुखायलाय नव्हं? तोंड कशाला?"

"करा तर खरं."

त्यांनी जेमतेम दोन बोटं जातील एवढं तोंड उघडलं. हिरड्या काळपट होत्या. जीभ समोरून ठीक दिसत होती. पण समोरून ठीक दिसणाऱ्या जिभेवर मी विश्वास ठेवत नाही. मी ती गॉजच्या पट्टीने धरली, हळूच उजवीकडे ओढली आणि टॉर्च मारला. डावीकडे, पार मागे दाढेजवळ, जिभेच्या कडेला एक जखम होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ग्लोव्ह घालून बोट फिरवलं. कडा टणक लागल्या. मला तो टणकपणा ओळखीचा आहे आणि तो मला अजिबात आवडत नाही.

"हे कधीपासून आहे?"

"दाढ लागती तिथं. लई दिवस झालं. त्यात काय?"

"मावशी, दात कशानं घासता?"

"मिसरीनं की. सकाळी लावते, जेवल्यावर लावते. कान दुखायलाय तवापासून जरा जास्तच. तोंडात धरली की ठणका कमी वाटतो."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मिसरी म्हणजे तंबाखू. तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची आणि कुटून पूड करायची. खेड्यांत कितीतरी बायका ती दातांना लावतात आणि बराच वेळ तोंडात धरून बसतात.

"अहो, मघाशी तर तंबाखू नाही म्हणालात!"

"मग? तमाखू गडीमाणसं खातेत. मिसरी दात घासायची असती."

खोटं बोलायचा काही प्रश्नच नव्हता. घरात कुणालाच ती तंबाखू वाटत नव्हती. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मॅडम, मीच आणून देतो," ते म्हणाले. "भाजताना आईला ठसका लागतो, म्हणून बाजारातून तयार पुडा आणतो."

मी जखमेचा छोटा तुकडा तपासायला पाठवायचं सुचवलं. शंका कसली आहे तेही स्पष्ट सांगितलं. मी लपवाछपवी करत नाही. कौसाबाई खुर्चीतून उठल्याच.

"तुकडा काढला की पसरतंय म्हणतेत. अन् जीभ कापली तर बोलू कशानं? ते काय न्हाई. कानात थेंब द्या अन् सोडा मला."

"थेंब देणार नाही," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. "तुकडा काढल्यानं पसरत नाही, थांबल्यानं पसरतं. आत्ता जखम लहान आहे. आत्ता केलं तर जीव वाचेल आणि बोलणंही राहील. तुम्ही थांबलात तर दोन्हीची हमी मी देणार नाही."

त्या दाराकडे वळल्या. इतका वेळ छापील मराठीत बोलणारे सर एकदम गावाकडच्या बोलीत आले.

"आये, म्या माझ्या हातानं आणून दिलंय ते. आता तपासू दे. तुझ्या पाया पडतो."

कौसाबाईंनी मागे वळून पाहिलं. लेकाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या परत येऊन खुर्चीत बसल्या.

"येड्या, रडतो काय लेकरावानी," त्या म्हणाल्या. "काढा बाई, काय तुकडा काढायचाय ते."

रिपोर्ट मला वाटत होता तोच आला. कॅन्सर होता, पण सुरुवातीचा. ऑपरेशन नांदेडला झालं. सर्जनने जिभेची ती कड आणि हा आजार आधी जिथे पसरतो त्या मानेतल्या गाठी काढल्या. गाठींमध्ये आजार पोहोचला नव्हता, त्यामुळे रेडिएशनचा शेक द्यायची वेळ आली नाही. कान आपोआप शांत झाला. त्यात मी एक थेंबही टाकला नव्हता.

बरेच दिवस त्यांचं बोलणं बोबडं येत होतं. नंतर बरंच सुधारलं. तपासणीला आल्या की बाहेरच्या बाकावर बसून शेजारच्या पेशंटला सल्ले देतात, ते मला आत ऐकू येतं. मला त्याचा इतका आनंद होतो, की ओपीडीत गडबड असली तरी मी त्यांना गप्प बसवत नाही. सरांनी शाळेतल्या शपथेत मिसरी हा शब्दही घातलाय.

मीही एक बदल केलाय. तंबाखू खाता का, एवढ्यावर आता थांबत नाही. दात कशानं घासता, हेही विचारते. पहिल्या प्रश्नाला ठामपणे नाही म्हणालेल्या बाईकडून दुसऱ्याचं उत्तर अगदी सहज येतं, "मिसरीनं की मॅडम, आणखी कशानं?"