राखाडी बटणावरचा हात

आमच्याकडच्या सुविधा केंद्रातला तो माणूस स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. पाय टेबलाखाली हलत असायचा आणि हातातला माऊस तर नुसता तडफडत असायचा.

काजूच्या विम्याचा माझा अर्ज दरवेळी शेवटच्या पानावर अडायचा. 'सादर करा' हे बटण राखाडीच राहायचं. तो बाण त्यावर नेऊन खटाखट दाबायचा आणि दबलं नाही की वैतागून लगेच दुसरीकडे पळवायचा. "बटण बंद आहे. मी काय करू?" मग नेटला, सर्व्हरला, वरच्या साहेबांना शिव्या घालून मला माझ्या गावी, मसुऱ्याला, परत पाठवायचा. खोटं बोलत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना.

परवा माझ्यापुढे एक म्हातारी होती. तिचंही बटण राखाडी. तिने सरळ हात पुढे करून त्याचा माऊसवरचा हात दाबून धरला. "मेल्या, हात जरा थांबव. बघून माका घेरी येता."

तो दचकून थांबला. बाण या वेळी त्या बटणावरच टेकून राहिला. क्षणभराने बाणाखाली एक छोटी पिवळी चौकट उघडली: 'खात्यातील नाव सातबाऱ्याशी जुळत नाही.'

"हेच्यार कारण लिवलेला आसा," तो पुटपुटला. केंद्रात त्याच्या तोंडून मालवणी मी प्रथमच ऐकली.

म्हातारीने हात काढून घेतला, तरी त्याचा हात हलला नाही. तो दाराकडे बघत राहिला. त्याच दाराने त्याने आम्हा सगळ्यांना परत पाठवलं होतं.