आणि गुरुवारी?

यंत्राला ते हात लावायचे तो पालथा. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा, दोन क्षण. मग रुमालाला बोटं पुसून म्हणायचे, "गार आहे." यंत्र गार निघालं की शेजारी उभ्या असलेल्या प्राध्यापकाला घाम फुटायचा.

हे गृहस्थ आमच्या तंत्रविद्यापीठाच्या संशोधन कक्षात कारकून होते. विद्यापीठ पुण्यातलं, नावाजलेलं. वर्षअखेरीला कोणाचे किती शोधनिबंध छापून आले याची यादी वर जाते. तिच्यावर विद्यापीठाचा मान ठरतो आणि आमच्या बढत्याही. ती यादी करायचं काम त्यांचं. नुसती नावं उतरवून घेतली असती तर कोणाची तक्रार नव्हती. पण हे गृहस्थ पेपर वाचायचे!

तुम्ही पुण्यात राहत असाल तर गुरुवार म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी. कुठल्या भागात किती ते किती वीज बंद, हे आदल्या दिवशी वर्तमानपत्रात येतं आणि आपण इस्त्री उरकून घेतो. हे गृहस्थ ती कात्रणं एका जुन्या डायरीत चिकटवून ठेवत. कोणाच्या निबंधात "यंत्र सलग दहा दिवस चालवले" असं वाक्य आलं की डायरी उघडायची, चष्मा कपाळावर चढायचा आणि प्रश्न यायचा, "आणि गुरुवारी?"

त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना 'गुरुवार'च म्हणायचो.

एकदा एका मोठ्या प्राध्यापकांनी वर्षाचे बावन्न पेपर आणून टेबलावर आपटले. यांनी ते मोजले, पुन्हा मोजले. "बावन्न पेपर. आठवडेही बावन्नच. सर, आपण दाढी कधी करता?" सर तणतणत निघून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी अकरा आणले.

ते कोणाचा चहा घेत नसत. घरून थर्मास आणायचे, त्यातला झाकणभर चहा स्वतःपुरता ओतायचे. मी एकदा कॅन्टीनचा कप पुढे केला तर म्हणाले, "नको मॅडम. चहाच्या मागून पेपर येतो." त्या दिवशी माझ्या पिशवीत खरंच पेपर होता, हे मी कोणाला सांगितलं नाही.

आमचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. हा माणूस नक्की कोणाचा? कोणी म्हणे, कुलगुरूंचा कान आहे. कोणी म्हणे, चौकशी समितीला आतून माहिती पुरवतो. जेवणाच्या सुट्टीत ते रिकाम्या प्रयोगशाळांतून फिरताना मी स्वतः पाहिलं होतं. एकदा तर मी चपला हातात घेऊन त्यांच्या मागे गेले. ते एकेका यंत्राला पालथा हात लावत होते, बस्स. तरी माझं समाधान झालं नाही. साधं दिसतंय म्हणजे नक्कीच काहीतरी शिजतंय, असं मला वाटलं.

मग माझी पाळी आली. मी सिव्हिलला शिकवते. राख मिसळलेलं काँक्रीट ओव्हनमध्ये सलग तीस दिवस तापवलं तरी त्याला तडे जात नाहीत, असा माझा निबंध होता. बढतीला तो एकच पेपर कमी पडत होता. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. रोजचं तापमान एकसारखं, तीसही दिवस.

"आणि गुरुवारी?"

"जनरेटर होता," मी म्हणाले.

"जनरेटर." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं. तसं लिहून सही करा."

मी लिहून सही केली. जनरेटर नव्हता. म्हणजे विद्यापीठात होता, पण त्याची वायर मुख्य इमारतीपलीकडे कधी गेलीच नाही. दोन गुरुवारी वीज गेली, ओव्हन थंड पडला आणि माझ्या काँक्रीटला साप्ताहिक सुट्टी मिळाली. मी बुधवार-शुक्रवारचे आकडे बघून मधला आकडा भरला. पुन्हा तीस दिवस घालवले असते तर यादीची मुदत टळली असती.

प्राध्यापकाने लिहून दिल्यावर कारकुनाला पेपर अडवता येत नाही. माझा पेपर यादीत गेला, बढती मिळाली, आणि मी त्यांची वाट बघू लागले. आता हा माणूस याची किंमत मागणार. आज ना उद्या भाच्याचा प्रवेश किंवा कुठलीतरी शिफारस घेऊन येणार. जिन्यात भेटले की ते विचारायचे, "बरं चाललंय ना?" मला त्या 'बरं'मध्ये धमकी ऐकू यायची. काही वर्षं अशीच गेली. त्यांनी काहीही मागितलं नाही, आणि त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

निवृत्तीच्या दिवशी ते थर्मास घेऊन माझ्या खोलीत आले. झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे ठेवला. "घ्या मॅडम. आता याच्या मागून काही यायचं नाही." मी चहा प्यायले. ते समोर बसून राहिले, अगदी निवांत. मी म्हणाले, "छान झालाय." ते उठले, झाकण धुऊन घेतलं आणि गेले.

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं, ते मला गेल्या महिन्यात कळलं. हडपसरच्या एका कारखान्याचं पत्र आलं. भट्टीखालच्या जमिनीला त्यांना माझं काँक्रीट वापरायचं होतं आणि मूळ नोंदी हव्या होत्या. त्या भट्टीशेजारी माणसं उभी राहणार होती. मी संशोधन कक्षात जाऊन त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. प्रत्येक पेपरापुढे त्यांची लाल शाईची खूण होती. माझ्या ओळीपुढे खूण नव्हती. तिथे बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं : "जनरेटर म्हणाल्या. सांगतील. थांबावे."

सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस माझ्यासाठी थांबला होता, आणि मी त्याच्यावर पाळत ठेवत होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याच दिवशी मी कारखान्याला कळवलं की माझ्या निष्कर्षावर विसंबू नका. मासिकाला पत्र लिहून निबंध मागे घेतला. बढतीचं काय होईल ते अजून ठरायचंय. मग पत्ता शोधत विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. बेल दाबली, ती वाजली नाही. तेव्हा कुठे लक्षात आलं की आज गुरुवार. कडी वाजवली.

साखळी न काढता दार चार बोटं उघडलं. फटीतून एका वयस्कर बाईंनी विचारलं, "कोण? काय काम?"

मी विद्यापीठाचं नाव सांगितलं.

"ओळखपत्र दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून नाव वाचलं, फोटो माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. "सिव्हिलच्या का?"

"हो. मला साहेबांना एक सांगायचं होतं. तेव्हा जनरेटर नव्हता."

साखळी निघाली. "ठाऊक होतं त्यांना. एक बाई यायच्या आहेत म्हणायचे." त्या बाजूला झाल्या. "उशीर केलात हो. आठ महिने झाले त्यांना जाऊन. या, बसा. चहा ठेवते."

त्या आत गेल्या. बंद पंख्याखाली त्यांची वेताची खुर्ची होती, शेजारी स्टुलावर थर्मास. मी जवळ गेले आणि थर्मासला पालथा हात लावला.