ऐकून उतरवलेली चाल

“डाग इथं दिसते, पडलेला असते दुसरीकडंच,” असं म्हणत माझे सहकारी, नागपूरचे दादा, मोटारीच्या दारापाशी वाकायचे. केंब्रिजच्या (विद्यापीठाच्या नव्हे, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बर्फातल्या) मोटार कारखान्यात रंगाची तपासणी आम्ही दोघं करायचो. ठिपका दिसला की मी पुसायला धावायचो. तो कुठल्या मशीनवर पडला हे सापडेपर्यंत दादांना मात्र जेवण जात नसे. असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेलच.

काम करताना ते शिट्टी वाजवत. कायम एकच चाल, उड्या मारत जाणारी. कुणी विचारलं की संपलंच. “माझ्या बाबांनी बांधली बे.” बाबांचा नागपुरात लग्नाचा बँड होता, ते क्लॅरिनेट वाजवायचे. ही चाल लागली की रुसलेले व्याहीही नाचायचे म्हणे. इथल्या आंबेडकर जयंतीला दादांनी ती मुलांकडून कीबोर्डवर वाजवून घेतली आणि माइकवरून बाबांचं नाव सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून ते त्यांच्या बेसमेंटमध्ये चहाला बसले. बाईंनी आपल्या आईची जुनी तबकडी लावली. तीच चाल वाजली.

दुसऱ्या दिवशी दादा शिट्टीशिवाय कामाला आले. “बाबांनी चोरली असन का बे?”

“जाऊ द्या हो दादा, कुणाला कळतंय?” मी पडलो पुणेकर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो ठिपका.

मग त्यांनी चालीचा इतिहास खणायला घेतला. लंच रूममध्ये रोज एक नवा हप्ता. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका नाटकात हे गाणं आलं. तरुणांनी नाचघरांत ते डोक्यावर घेतलं, मग तबकड्या आगबोटीतून देशोदेशी गेल्या. चाल त्याआधीपासून काळे वादक वाजवत होते, तबकडीवर नाव मात्र दुसऱ्याचंच छापलं. हे वाचल्यावर दादा डबा न उघडताच उठले. नाव लाटणाऱ्यांत आपले बाबा निघाले तर, ही भीती त्यांना खात होती. मलाही त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी नागपूरच्या बहिणीने माळ्यावरून बाबांची वही शोधली आणि त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दादांनी फोन माझ्या हातात दिला. “तूच वाच. माझ्यानं होत नाही.”

सुरांखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आमचे बँडमास्तर कामठी छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात वाजवत. त्यांच्याकडून ऐकून उतरवली. आपली नव्हे.’

दादा खुर्चीत बसले. “मंग बांधली म्हणून सांगितलं कोणं?” थोड्या वेळाने त्यांचं त्यांनाच आठवलं. शाळेत असताना त्यांनीच मित्रांपुढे तशी फुशारकी मारली होती, आणि पुढे ती स्वतःलाही खरी वाटू लागली. “चोर मीच निघालो बे,” म्हणत ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. महिन्याभराने माझाही जीव भांड्यात पडला.

पुढच्या जयंतीला त्यांनी माइकवरून चूक दुरुस्त केली. शेजारच्या बाईंनाही आणलं होतं. त्या काठी टेकत सगळ्यांच्या आधी नाचल्या.

आता दादा रिटायर होऊन लेकीकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला बर्नाबीला राहतात. परवा दारावरचा ठिपका कुठून आला ते शोधताना माझ्या तोंडून शिट्टी निघाली. बाजूला काम करणाऱ्या नव्या मुलीने विचारलं, “छान आहे. तुमची चाल?”

“दादांकडून ऐकून उतरवली,” मी म्हणालो. “आपली नव्हे.”