शंभर टक्के डिव्हिडंड आणि आप्पांचा टेम्पो

किस्से जमवायला गावोगाव फिरावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा शेअरचे फॉर्म भरून द्यायचं काम करून बघावं. बसल्या जागी ढीग लागतो! शिरूरला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं. नव्वद सालानंतर कधीतरी पुण्याच्या एका ब्रोकरनं मला एजंट करून टाकलं. एजंट म्हणजे नक्की काय, हे मला त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी फॉर्म भरायचो, पुण्याला पाठवायचो, आणि लोक मला मार्केटमधला माणूस समजायचे.

दुकानाबाहेर एक बाकडं होतं. त्यावर बसणारी मंडळी ठरलेली. सत्तारमामा, बाजारपेठेतले लेडीज टेलर. दिनकर, कारेगावला राहणारा, रांजणगावच्या एका कंपनीत ऑपरेटर. आणि गडदे आप्पा, नदीकाठचे फुलवाले. झेंडू आणि शेवंती.

आमच्या या बाजारात भावाला किंमत नव्हती. भाव म्हणजे कालच्या पेपरात छापलेला आकडा. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, मात्र खरा, कारण तो पोस्टमन हातात आणून देतो! त्यामुळं दरवर्षी डिव्हिडंड देणारी कंपनी असेल तरच बाकडं फॉर्म भरायचं.

आप्पांचं मात्र वेगळं होतं. त्यांना टेम्पो घ्यायचा होता. फुलं दुसऱ्याच्या टेम्पोत जायची. तो चार गावं फिरून पुण्याला पोचेपर्यंत लिलाव उरकलेला असायचा आणि आप्पांची शेवंती मान टाकून पडलेली. स्वतःचा टेम्पो, एवढ्या एकाच गोष्टीसाठी आप्पा शेअरमध्ये उतरले होते. एका कंपनीनं नवे शेअर काढले, त्या इश्यूला त्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावानं फॉर्म भरला. तेव्हा सगळेच तसं करायचे. सोडतीत शेअर लागले ते फक्त बायकोच्या, हिराकाकूंच्या नावाला. "घरातच हायेत की," म्हणून आप्पा खूश होते.

*

सत्तारमामा रोज संध्याकाळी गळ्यात टेप लटकवून यायचे आणि म्हणायचे, "सुभाष, पुण्याला फोन लाव. आपल्या शेअरचा भाव इचार."

पुण्याची लाइन लागणं म्हणजे नशिबाचा भाग. मी डायल करून करून बोट दुखवून घ्यायचो. एक दिवस वैतागून विचारलं, "मामा, विकायचेत का?"

"न्हाई."

"अजून घ्यायचेत?"

"न्हाई बा."

"मग भाव कशाला?"

मामा शांतपणे म्हणाले, "आरं, तब्येत इचारू ने का माणसानं?"

*

एकदा आप्पा पेढ्यांचा पुडा घेऊनच आले. पेपरात त्यांच्या कंपनीची बातमी होती, शंभर टक्के डिव्हिडंड! आप्पांच्या हिशोबानं पैसे डबल झाले होते. टेम्पोचा रंगही ठरला होता.

आता आली का पंचाईत! मी त्यांना बसवलं आणि समजावलं, की आप्पा, हे टक्के तुम्ही दिलेल्या पैशावर नसतात. शेअरच्या कागदावर दहा रुपये छापलेत ना, त्या दहावर असतात.

"पर आम्ही तर साठ रुपयं दिलं हुतं."

"हो. पण कागद दहाचा."

"दहाचा कागद साठाला घेतला?"

"हो."

"आन् तुम्हीच फॉर्म भरला?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फेस व्हॅल्यू, प्रीमियम, सगळं. तिसऱ्यांदा सांगताना मला स्वतःलाच शंका यायला लागली, की खरंच, मधले पन्नास गेले कुठं? दिनकर म्हणाला, ते कंपनीच्या रिझर्व्हमध्ये जातात. आप्पा म्हणाले, रिझर्व्ह कुणाचं? दिनकर म्हणाला, आपलंच. आप्पा म्हणाले, मग द्या की!

सत्तारमामांनी तेवढ्यात दुसरा पेढा उचलला. "आप्पा, टक्के कशावर बी असू द्या. पेढं मातर पुऱ्या पैशाचं हायेत!"

*

सत्तारमामा बँकेचं व्याज घेत नसत. धर्माला चालत नाही, हे त्यांचं पक्कं होतं. डिव्हिडंड चालतो, कारण तो धंद्यातला वाटा आहे, असं त्यांना कुणीतरी जाणत्यानं सांगितलेलं. तरी मामांच्या मनात किंतु राहायचाच. दारूची कंपनी नको, फायनान्सची नको. प्रत्येक फॉर्मच्या वेळी माझी उलटतपासणी. "ही काय बनविती?" "बेअरिंग." "बेअरिंग कशात बसत्यात?" आता बेअरिंग कशाकशात बसतं हे मी कुठवर सांगणार!

आणि एका वर्षी त्याच बेअरिंगवाल्या कंपनीला तोटा झाला. डिव्हिडंड शून्य. बाकड्यावर सुतकी कळा पसरली. मामांना कसं सांगायचं हा माझ्यापुढं प्रश्न. त्यांना बातमी सांगितली, तर मामांचा चेहरा खुलला! त्यांनी समोरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा सांगितला.

मला वाटलं, धक्का बसला.

"आरं, नफ्यात भागी हुतो, आता तोट्यात बी भागी झालो," मामा म्हणाले. "व्याज आसतं तर आलंच आसतं का न्हाई? आता माझा जीव निवांत झाला. हे व्याज न्हाई!"

चहा झाला. मामा उठले, चार पावलं गेले आणि परत आले. "सुभाष, पर कंपनीला कळीव. एकदा पटलं म्हनावं. दर साली पटवून द्यायची गरज न्हाई."

*

दिनकरची गंमत निराळी. तो ज्या कंपनीत मशिन चालवायचा, तिचेच शेअर त्याच्याकडं होते. एकदा वार्षिक अहवाल पोस्टानं आला, वर छापलेलं 'प्रिय भागधारक'. तेव्हापासून गडी कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसायला लागला.

पुण्याला कंपनीची वार्षिक सभा होती. दिनकरनं रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, 'मालकांची मीटिंग आहे.' सुपरवायझरनं विचारलं, "मालकांची मीटिंग आहे तर तुझं काय काम?" आणि अर्ज फेटाळला. दिनकरनं ताप आल्याचं कळवलं आणि इस्त्रीचे कपडे घालून पुणं गाठलं.

हॉलच्या दारात नाष्ट्याची पाकिटं वाटायला कोण उभं? तोच सुपरवायझर! शेजारी मोठे साहेब. दिनकरच्या हातात भागधारकाची चिठ्ठी. सुपरवायझरचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. पण साहेबांसमोर करतो काय? हसून म्हणाला, "या सर, बसा सर," आणि पाकीट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी मशिनवर सुपरवायझरचा पहिला प्रश्न, "काय रे, काल ताप होता ना तुला?"

"व्हता की साहेब. तुमच्या हातचं पाकीट खाल्लं आन् उतरला!"

त्या दिवसाचा पगार कापला गेला. दिनकर बाकड्यावर येऊन म्हणाला, "कापू द्या. माझा पगार वाचला म्हंजी कंपनीचा नफा वाढला. नफा वाढला म्हंजी माझा डिव्हिडंड वाढला." मग त्याचा फायदा झाला की तोटा, यावर आम्ही अंधार पडेपर्यंत वाद घातला. मी फायद्याच्या बाजूनं सुरुवात केली आणि तोट्याच्या बाजूनं घरी गेलो.

*

एका वर्षी दिवाळीनंतर भाव बरा चढला. आप्पा म्हणाले, झालं तेवढं बास, विका आन् टेम्पो घ्या. तेव्हा शेअर म्हणजे खरोखरचा कागद असायचा. तो मी पुण्याला पाठवला आणि दोन दिवसांत ब्रोकरचा फोन. "हे काय पाठवलंय? सर्टिफिकेटवर लाल-पिवळे डाग आहेत. सही दिसत नाही."

आप्पांना बोलावलं. आप्पा म्हणाले, "डाग कसलं? लक्ष्मीपूजनाला पूजेत ठिवलं हुतं. हळद-कुकू हाय ते."

बरोबरच होतं. लक्ष्मी म्हणून आणलेला कागद, त्याची पूजा नको? दुकानदार वह्यांची करतात, आप्पांनी शेअरची केली. नेमकं बोट टेकलं ते डायरेक्टरच्या सहीवर.

मी पुण्याला फोन लावून तो आप्पांच्या हातात दिला. पलीकडून ब्रोकर म्हणाला, "काका, बायकोच्या नावावर आहेत ना शेअर? मग तो कागद घेऊन जा आणि त्यावरचं कुंकू नीट पुसून आणा."

आप्पा एकदम उभे राहिले. एसटीडीचं मीटर पळत होतं, पण आप्पांचा आवाज स्टँडपर्यंत गेला. "तिच्या नावावरचं कुकू पुसू? मी जित्ता हाय अजून!"

त्या वर्षी टेम्पो आला नाही. शेवंती परत दुसऱ्याच्याच गाडीतून गेली.

*

मग नियम बदलले. कागदी शेअर विकायचे तर आधी कॉम्प्युटरवर चढवायचे. डीमॅट! मला विचाराल तर कागद कॉम्प्युटरमध्ये कसा जातो हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी आप्पांना ते छातीठोकपणे समजावलं होतं, एवढं आठवतंय. दौंडच्या एका माणसाचा जुना टेम्पो आप्पांनी ठरवला होता. तो महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला, नंतर दुसऱ्याला देणार.

हिराकाकूंनी फॉर्मवर सही केली, मी पाठवला आणि फॉर्म परत आला. कुंकवाबद्दल कंपनी एक शब्द बोलली नव्हती. अडलं ते सहीवर. शेअर घेतले तेव्हा काकूंना लिहिता येत नव्हतं. कंपनीच्या दप्तरी त्यांचा अंगठा होता. मधल्या वर्षांत गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, काकू त्यात बसल्या आणि सही शिकल्या. बँकेनं त्यांचा अंगठा केव्हाच काढून सही घेतली होती. कंपनीलाही कळवायचं असतं, हे आमच्या बाकड्यावर कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आता कंपनीचं म्हणणं, बँक मॅनेजरसमोर अंगठाच लावा.

महिना संपायला आला होता. आप्पा, काकू आणि मी बँकेत गेलो. काकूंना तिथं सगळे ओळखायचे. डिव्हिडंडचा चेक पोस्टानं आला, की त्या ठेवणीतलं लुगडं नेसून स्वतः यायच्या आणि स्लिपवर सही करायच्या. नाव पूर्ण लिहायच्या, हिराबाई विठ्ठल गडदे. मागची लाइन मुकाट्यानं थांबायची.

मॅनेजर साहेबांनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. काकूंनी हात पदराखाली घेतला.

"मला सही येती," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मावशी. पण कंपनीला अंगठा पाहिजे."

"आंगठा लावायचा न्हाई आसं बाईंनी वर्गात सांगितलंय."

मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं, आता चिडणार. आप्पा खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "राहू दे. तुला नसंल लावायचा तर राहू दे. टेम्पोचं बघू फुडं."

एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, तो टेम्पो माणूस एका वाक्यात सोडून देत होता.

काकूंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं. पदराखालचा हात काढला, पॅडवर टेकला आणि फॉर्मवर अंगठा उठवला, स्वच्छ. मॅनेजर फॉर्म ओढायला गेले, तर काकूंनी तो धरून ठेवला. टेबलावरचं पेन घेतलं आणि अंगठ्याखाली लिहायला लागल्या. हिराबाई विठ्ठल गडदे.

"मावशी, नको, नको! सहीची गरज नाही!"

"तुम्हाला नसंल," काकू मान वर न करता म्हणाल्या. "आंगठा कुणाचा हाय, ते कळाया नगं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. दुसरा फॉर्म नव्हता आणि वेळही नव्हता. त्यांनी शिक्का मारला, अर्धा अंगठ्यावर आणि अर्धा नावावर. कंपनीनं तो फॉर्म कसा पास केला हे मला अजून कळलेलं नाही, पण केला! दौंडवाला चार दिवस जास्त थांबला, शेअर विकले गेले आणि आप्पांची शेवंती पहिल्यांदाच लिलावाच्या आधी पुण्याला पोचली.

टेम्पोची पूजा होती त्या दिवशी मी गेलो होतो. आप्पा सगळ्यांना बळंच टेम्पोत बसवत होते. हिराकाकूंनी मला चहा दिला आणि बाजूला बोलावलं.

"सुभाष, शेअर गेलं म्हंजी आता ते पोष्टानं यायचं बंद?"

"हो काकू. आता काही यायचं नाही."

काकूंनी माझ्या हातातली रिकामी कपबशी घेतली.

"मग आता मी सही कुठं करू रं?"