दळवीकाकांचं कात्रण

हे मी अजून कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — ती आता मुलीकडे पुण्याला असते, आणि फोनवर आम्ही वीजबिल आणि गुडघेदुखी यापलीकडे फारसे जात नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत माझ्यात असती, तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

मी पेपरात होतो. म्हणजे ठाण्याच्या एका छोट्या मराठी दैनिकात उपसंपादक. खोपटच्या एसटी डेपोजवळ, एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. आता तिथे दातांचा दवाखाना आहे. पेपर बंद पडला आणि मी कोलशेतला भाड्याच्या घरात बसून एका न्यूज ॲपसाठी मथळे लिहायला लागलो — ‘पुढे जे घडलं ते वाचून थक्क व्हाल’ छापाचे. मी स्वतः कित्येक वर्षांत कशाने थक्क झालेलो नाही. शेजारच्या दारामागे कोण राहतं, तेही मला ठाऊक नाही. छापील पेपर कसे संपले, लोक कसे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, यावर मी चारचौघांत तासभर बोलू शकतो. बोलतोही. लोक मान हलवतात. त्या बोलण्यात ही गोष्ट कधी येत नाही.

आधी दळवीकाका कोण ते सांगायला हवं.

माझं लहानपण मोहन्याला गेलं, कारखान्याच्या वसाहतीत. वडील आणि दळवीकाका एकाच खात्यात, घरं भिंतीला भिंत लागून. दळवींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोन्ही घरं माझीच. काकांचं एक काम ठरलेलं होतं, ते त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं. वसाहतीत कोणी गेलं की पहिले काका हजर. बांबू, मडकं, गोवऱ्या, भटजींना निरोप — घरच्यांना काही सुचायच्या आत सगळं करून ते कोपऱ्यात उभे. माझे वडील गेले तेव्हा मडकं हातात कसं धरायचं ते मला त्यांनीच दाखवलं, आणि मग घाटापर्यंत माझ्या बाजूने चालले. तेवढं चालणं मला आजही आठवतं.

कारखाना बंद झाला तशी माणसं पांगली. कोणी टिटवाळ्याला, कोणी बदलापूरला, कोणी डोंबिवलीत मुलाकडे. कोणाचे फोन नंबर कोणाकडे नव्हते, असले तरी बदललेले. मग काकांनीच एक रीत पाडली. आपल्यातलं कोणी गेलं की बातमी आमच्या पेपरात द्यायची — दुसऱ्या पानावर खाली ‘निधन’ म्हणून कॉलम असायचा, त्यात — आणि प्रत्येकाने सकाळी आधी तो कॉलम बघायचा. अंत्ययात्रेला पोचणं जमणार नाही, म्हणून दहाव्याला सगळ्यांनी मोहन्याच्या घाटावर यायचं. आणि खरंच यायची हो माणसं. काठी टेकत, रिक्षा करून, नातवाला सोबत घेऊन. दहावा कोणाचाही असो, शेवटी गप्पा कॅन्टीनमधल्या वड्याच्या. आमचा पेपर त्या मंडळींच्या घरात त्या एका कॉलमपुरता जात होता. अग्रलेख कोणी वाचत नसे. मला त्याचा राग यायचा. मी काय मरणाच्या बातम्या लावायला पेपरात आलो होतो?

काका अचानक गेले. अंत्यविधीला मी, काकू, नाशिकहून आलेला त्यांचा भाचा, आणि बिल्डिंगमधले दोघं-चौघं. स्मशानातून परत आल्यावर काकू मला म्हणाल्या, “पेपरात तू देशील ना रे? दहाव्याची वेळ नीट घाल. सगळे येतील.”

मी ऑफिसला जाऊन लगेच बातमी लिहिली. खातं, वसाहत, दहाव्याचा वार, वेळ, घाट — काही सोडलं नाही.

त्या संध्याकाळी पान लावायला मीच होतो. माणसं कमी केलेली, दोन-दोन पानं एकेकाच्या गळ्यात. पान छपाईला सोडायच्या वेळी एका बिल्डरची जाहिरात आली, अर्ध्या पानाची. ती नाकारायचा प्रश्नच नव्हता. पानावरचं काहीतरी उचलायला हवं होतं, आणि उचलण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक निधनाचा कॉलम. दुसरा माझा लेख. पेपरच्या वर्धापनदिनानिमित्त लिहिलेला, वर माझं नाव, बाजूला माझा फोटो. विषय सांगू? मोबाइल कितीही आले तरी छापील पेपर का मरणार नाही. शेजाऱ्याच्या सुखदुःखाची खबर शेवटी आम्हीच देतो, असं त्यात होतं.

मी कॉलम उचलला. उद्या लावू, म्हटलं. दहाव्याला अवकाश होता. दुसऱ्या दिवशी लेखाबद्दल दोन-तीन फोन आले आणि मी खुशीत फिरत राहिलो. त्या कॉलममधल्या बाकीच्या घरांतून विचारणा झाली, त्यांच्या बातम्या पुढच्या अंकात लागल्या. काकूंचा फोन आला नाही. त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं ना — त्या कशाला विचारतील? आणि मी विसरलो.

इथवरचं मी कोणालाही सांगू शकलो असतो. विसरतात माणसं. पण मी इथे थांबलो नाही.

दहाव्याला घाटावर काकू, भाचा, भटजी आणि मी. काकूंनी सतरंज्या अंथरायला लावलेल्या, टपरीवाल्याला चहाचं मोठं पातेलं चढवायला सांगितलेलं. पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, चला, कशात जीव अडकलेला नव्हता. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या रस्त्याकडे बघत होत्या. रिक्षा थांबली की मान उचलायच्या, रिक्षा पुढे गेली की पदर सारखा करायच्या. मी रिकाम्या सतरंजीवर बसलो, आणि तिथे मला आठवलं.

“बातमी आलेली ना रे?” काकूंनी विचारलं.

“हो काकू. आलेली.”

का म्हणालो? घाबरलो, आणखी काय. त्या रागावतील म्हणून नाही — त्या कधी रागावल्याच नव्हत्या माझ्यावर. त्यांच्या नजरेतून मी उतरेन म्हणून. चहाचं पातेलं तसंच परत गेलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्या दिवसांत घरात पेपर उघडलाच नव्हता, आणि भाच्याने आवराआवरीत सगळा गठ्ठा रद्दीला दिला. आता त्यांना बातमीचं कात्रण हवं होतं, काकांच्या फोटोखाली लावायला. एखादा अंक मिळेल का रे ऑफिसात?

मिळेल म्हणालो. आणि रविवारी, ऑफिसात कोणी नसताना, मी त्या दिवसाचं पान कॉम्प्युटरवर उघडलं. माझा लेख काढला. तिथे निधनाचा कॉलम बसवला, दळवीकाका सगळ्यात वर. छपाईतून उरलेल्या कागदाचा तुकडा आणून प्रिंटरला लावला. मागची बाजू कोरी राहिली तर संशय येईल म्हणून उलट्या बाजूला पहिल्या पानाचा मजकूर काढला. कात्री जरा वाकडी चालवली. घडी घालून खिशात चुरगळलं. एवढ्या निगुतीने मी उभ्या नोकरीत एकही पान लावलेलं नाही.

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल — तुम्हालाही वाटलं असेल. त्या म्हणाल्या, “बघ, किती स्पष्ट लिहिलंयस. वार, वेळ, घाट. आणि तरी एकही आला नाही रे.”

तेव्हा कुठे मला कळलं की मी त्यांच्या हातात काय दिलं होतं. ज्या माणसाने सगळ्यांची मडकी आणली, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली, आणि कोणीही आलं नाही — याचा छापील पुरावा. खरं एका वाक्यात होतं. काकू, बातमी लागलीच नव्हती, चूक माझी. बास, एवढंच. त्यांची सगळी माणसं त्यांना परत मिळाली असती. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

अजून एक आहे. ते या सगळ्याहून वाईट.

काही महिन्यांनी मी काकूंकडे बसलेलो असताना दारात म्हात्रेकाका आले. मूळचे मोहन्याच्या बाजूच्याच गावचे, काकांबरोबर एकाच पाळीला असायचे, आता टिटवाळ्याला बंगला बांधून राहिलेले. बाजारात कोणाकडून तरी त्यांना काका गेल्याचं कळलं आणि ते तसेच आले होते, पायात घरातल्या चपला. काकूंनी जाळीचं दार उघडलं नाही. भिंतीवरची कात्रणाची फ्रेम काढून आणली आणि जाळीला आतून लावली. “छापलेलं. वाचा.”

म्हात्रेकाका वाकून वाचत राहिले. “मी रोज बगतो गो वैनी. पयला त्योच बगतो. मना नाय दिसली.” मग जाळीतून माझ्याकडे बघून म्हणाले, “तू पेपरात हायस ना रं? असा होतं काय? छापलेली असून मना दिसली नाय?”

तेव्हा मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, “नजरेतून सुटली असेल, काका.”

त्या म्हाताऱ्या माणसाने मान खाली घातली. जिना उतरताना कठडा धरून, चाचपत उतरले, जणू खरंच दिसत नव्हतं. पुढे कानावर आलं की त्यांनी मुलाच्या मागे लागून डोळे तपासून घेतले. बाकीच्यांनाही त्यांनीच सांगितलं — बातमी आलेली रे, आपल्याच नजरेतून सुटली. ते सगळे, जे रोज सकाळी न चुकता तो कॉलम बघत होते, एकमेकांना तोंड दाखवायला लाजले. त्यानंतरचे दहावे तसे भरले नाहीत. मग आमचा पेपरच बंद झाला, आणि कॉलमही. लोक म्हणतात, मोबाइलने पेपर मारला. मारला असेल. आमच्या माणसांपुरता तो त्याआधीच मी मारला होता.

आता वसाहतीतल्या लोकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. कोणी गेलं की दिवा आणि फुलांचं चित्र येतं, खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. घाटावर कोणी जात नाही. मध्यंतरी म्हात्रेकाकांच्या मुलाने त्या ग्रुपवर मला विचारलं — बाबांना दळवी वहिनींना एकदा भेटायचंय, माफी मागायची म्हणतात, आणू का?

मी लिहिलं, नको, त्यांना आता कोणी आलेलं आवडत नाही.

म्हात्रेकाका आता नाहीत. त्यांचंही दिव्याचं चित्र आलं. मीही हात जोडले. काकूंना सांगितलं नाही.

हे का केलं, ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तेच सांगायला इतकी वळणं घेतली. पकडला जाईन ही भीती केव्हाच मागे पडली होती. मला तेवढं एकच घर उरलंय. दर रविवारी कोलशेतहून निघतो, दुपारी मोहन्याला पोचतो, काकू दार उघडतात. तिथे कोणी आलं असतं, बोलणं झालं असतं, तर माझी जागा गेली असती. म्हणून मी त्यांना एकटं ठेवलं. माझ्यासाठी ठेवलं.

परवाच्या रविवारी गेलो होतो. फ्रेममधलं कात्रण पिवळं पडलंय, खऱ्या पेपरसारखंच. काकूंना आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे त्या मोठ्याने बोलतात. वाढता वाढता म्हणाल्या, “माझं काही झालं तर कुठे छापू-बिपू नकोस हं. कोणाला कळवायचं नाही. यांच्या दहाव्याला आलेला तू एकटा. तू असलास की पुरे.”

मग त्यांनी विचारलं, आमटी वाढू का. मी ताट पुढे केलं.