दुपारची मडम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याच्या पोटात काही राहतच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या पिंपरी पेंढारचे नाही.

आमच्या शेताला लागून इंग्रजांच्या काळातला बंगला आहे. मोठी आमराई, पडवीत सागवानी झोपाळा. मालक परदेशात, देखभाल आमच्या घराकडे. शनिवार-रविवार पाहुणे उतरतात, एरवी कुलूप. आणि तिथं एक मडम फिरते — भर दुपारी! झोपाळा आपोआप कुरकुरतो. आळेफाट्यापर्यंत कुणालाही विचारा.

तो झोपाळा मी हलवते.

हसा, खुशाल हसा. मलाही हसू येतं. लग्न होऊन आले तेव्हा घरात माणसंच माणसं, दुपारी पाठ टेकायला कोपरा नाही. एकदा गुपचूप त्या झोपाळ्यावर जाऊन पडले — काय सुख होतं ते! तेवढ्यात थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, आमराईतून येताना दिसल्या. मी बंगल्यामागून पळाले आणि घरी थरथरत सांगितलं, की पडवीत गोरी बाई बसली होती. अक्कांनी रिकामा झोपाळा हलताना पाहिलेलाच. झालं! तेव्हापासून दुपार माझी. घरच्यांना वाटतं, मी ओढ्यावर धुणं धुतेय.

मग अक्का दर अवसेला बंगल्याच्या पायरीवर पानात दहीभात ठेवू लागल्या. तो मी खाल्ला. वर जिऱ्याची फोडणी, तळलेली मिरची — कसा सोडायचा, तुम्हीच सांगा? पण रिकामं पान पाहून मडम सगळ्यांना खरीच वाटली. आता अक्का पाहुण्यांना ही गोष्ट अशी रंगवून सांगतात, की पोरंटोरं टाळ्या पिटतात. मीसुद्धा अंगावर काटा आल्याचं सोंग करते. मजा येते, खोटं कशाला बोलू?

इथवर गंमतच. पण... शेताची जवळची वाट आमराईतून जाते. अक्का ती टाळतात. भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन उन्हातून, बांधाबांधानं, लांबून जातात. वर्षानुवर्षं. गुडघे गेले आता त्यांचे. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं — झोपाळ्यावरून.

मागच्या अवसेला मी पडवीच्या कोपऱ्याआड लपले होते. अक्कांनी पान ठेवलं, हात जोडले.

"बाई, माज्या धाकटीला तू दिसलीस, तवापासनं मला लई घोर हाय. तिच्या वाटंला जाऊ नगं. काय करायचं ते मला कर."

इतकी वर्षं तो निवद माझ्यासाठी होता. मला सांभाळावं म्हणून.

एक हाक मारायची होती. मारली नाही. त्या लंगडत बांधापलीकडे गेल्या, आणि मी पायरीवर बसून सगळा दहीभात संपवला. पान भरलेलं दिसलं असतं तर त्या घाबरल्या असत्या, असं म्हणणार होते. पण तसं काही नव्हतं. मला भूक लागली होती.